न छेदता आत पाहणारा

कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांच्या संगमावर वसलेली नृसिंहवाडी हे दत्तभक्तांचे प्रसिद्ध क्षेत्र होय. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हे गाव लोकांच्या तोंडी नरसोबाची वाडी या नावाने रुळले आहे. पावसाळ्यात कृष्णेला पूर आला म्हणजे तिचे पाणी घाटाच्या पायऱ्या एकेक करून चढू लागते. उत्तरेच्या दाराने ते मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. हा दक्षिणद्वार सोहळा पाहण्यास आणि त्या पाण्यात स्नान करण्यास दूरदूरचे लोक येतात.

संगमावर उभे राहून नीट पाहिले, तर पुराची आणखी एक गोष्ट ध्यानात येते. कृष्णा तुडुंब भरून वाहू लागली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही. ते मागे तुंबते, त्याचा फुगवटा वाढत जातो आणि दूरवरच्या उसाच्या शेतांत पाणी पसरते. काही दिवसांनी पूर ओसरतो, पण घाटाच्या भिंतींवर चिखलाची रेघ मागे राहते. ज्याने पूर डोळ्यांनी पाहिला नाही, त्यालाही त्या रेघेवरून पाणी कोठवर चढले होते ते सांगता येते.

आपल्या छातीतही रक्ताच्या नद्या रात्रंदिवस वाहत असतात. हृदयाची उजवी बाजू अशुद्ध रक्त एका रुंद वाहिनीतून फुप्फुसांकडे ढकलते. त्या वाहिनीला फुप्फुस-रोहिणी म्हणतात. पाटाला फाटे फुटावेत आणि फाट्यांतून सरीसरीला पाणी पोहोचावे, त्याप्रमाणे या रोहिणीला शाखा व उपशाखा फुटत जातात. शेवटी केसाहूनही बारीक नलिकांतून रक्त वाहते, श्वासातील प्राणवायू घेते आणि शुद्ध होऊन हृदयाच्या डाव्या बाजूकडे परत येते. तेथून ते महारोहिणीच्या वाटे सर्व देहाला मिळते.

फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब फार थोडा असतो. दंडावर पट्टा बांधून डॉक्टर जो रक्तदाब मोजतात, तो निरोगी माणसात पाऱ्याच्या १२० व ८० मिलीमीटरांच्या आसपास असतो. फुप्फुस-रोहिणीतील सरासरी दाब मात्र अवघा १४ मिलीमीटरांच्या आसपास असतो. तो २० मिलीमीटरांच्या वर गेला म्हणजे फुप्फुसांतील रक्तदाब वाढला असे डॉक्टर मानतात. कधी बारीक रोहिण्या अरुंद होतात आणि गाळ साचलेल्या पाटात पाणी तुंबावे तसे रक्त तुंबते. कधी रक्ताच्या जुन्या गाठी वाट अडवतात. कधी हृदयाची डावी बाजू दुबळी होते आणि पंचगंगेच्या फुगवट्यासारखा दाब मागे फुप्फुसांपर्यंत चढत जातो. कारण कोणतेही असो, ओझे पडते ते हृदयाच्या उजव्या बाजूवर. अडलेल्या पाटात पाणी लोटणाऱ्या पंपाप्रमाणे ती अधिकाधिक जोर लावते आणि अखेरीस थकते.

या रोगाची मोठी अडचण अशी की, तो लपून राहतो. रोग्याला धाप लागते, थकवा येतो, चार पायऱ्या चढल्या तरी छाती भरून येते. घाट चढताना वाटेत बसणाऱ्या माणसाला घरची मंडळी अशक्त म्हणतात, कोणी दमा म्हणतात, कोणी वयाला दोष देतात. दंडावरचा पट्टाही याचा पत्ता देत नाही, कारण तो देहाचा दाब सांगतो, फुप्फुसांचा नव्हे. वाट अडली आहे ती छातीच्या पिंजऱ्याआड, आणि छाती उघडून पाहणे तर शक्य नाही. मग आत काय चालले आहे हे कळावे कसे? न छेदता आत पाहण्याची एक नवी दृष्टी ज्या माणसाने जगाला दिली, त्याचे नाव गॉडफ्रे हाउन्सफील्ड.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशायर परगण्यात न्यूअर्क नावाचे गाव आहे. तेथे २८ ऑगस्ट १९१९ रोजी गॉडफ्रेचा जन्म झाला. त्याचे वडील शेतकरी होते. पाच भावंडांत गॉडफ्रे सर्वांत धाकटा, त्यामुळे शेतीच्या कामाचा भार त्याच्यावर फारसा पडत नसे आणि मोकळा वेळ भरपूर मिळे. हा वेळ तो गवताच्या गंज्या, कोठारे आणि शेतीची यंत्रे यांच्या संगतीत घालवी. मळणीचे यंत्र कसे चालते, वीज कोठून येते, चाक फिरले म्हणजे दुसरे चाक का फिरते, असे प्रश्न त्याला स्वस्थ बसू देत नसत. दहा-अकरा वर्षांचा झाल्यापासून तो स्वतः यंत्रे बनवू लागला. आवाज मुद्रित करण्याची विजेची यंत्रेही त्याने घरीच जुळवली.

त्याचे काही प्रयोग मात्र भलतेच धाडसाचे होते. एकदा त्याने घरी बनवलेल्या पंखांच्या आधाराने गवताच्या उंच गंजीवरून झेप घेतली. दुसऱ्या वेळी डांबराच्या पिंपांत पाणी भरून, ॲसिटिलीन वायूच्या जोराने ती किती उंच उडतात हे त्याने पाहिले. त्या खटाटोपात तो जिवावरच्या संकटातून थोडक्यात बचावला. असे साहस कोणी करू नये हे खरे, परंतु त्यामागची जिज्ञासा ओळखण्यासारखी आहे. ऐकीव गोष्टीवर विसंबून न राहता स्वतः करून पाहावे, ही त्याची वृत्ती लहानपणीच पक्की झाली होती.

शाळेत गॉडफ्रेची गणना हुशार मुलांत होत नसे. पदार्थविज्ञान आणि गणित या दोनच विषयांत त्याचे मन रमे. बाकीच्या विषयांचे तास तो कसेबसे काढी. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि तो ब्रिटिश हवाई दलात दाखल झाला. शत्रूची विमाने दुरूनच हेरणारे रडार हे यंत्र त्या वेळी नवे होते. हाती लागतील ती पुस्तके वाचून हाउन्सफील्डने परीक्षा दिली आणि रडारच्या शाखेत प्रवेश मिळवला. पुढे तो त्याच विद्येचा शिक्षक झाला. सवड मिळताच शिकवण्यासाठी उपयुक्त उपकरणे तो आपल्या हातांनी बनवी. त्याची ही हातोटी एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नजरेत भरली आणि युद्ध संपल्यावर त्या अधिकाऱ्याच्या खटपटीने त्याला पुढील शिक्षणासाठी साहाय्य मिळाले. लंडनच्या फॅरेडे हाउस या संस्थेत त्याने विद्युत्-अभियांत्रिकीची पदविका घेतली. विद्यापीठाची पदवी त्याने कधीच घेतली नाही. पण त्यावाचून त्याचे काही अडले नाही.

१९५१ साली हाउन्सफील्ड ई. एम. आय. या कंपनीत रुजू झाले. गाण्याच्या तबकड्यांमुळे या कंपनीचे नाव घरोघरी ठाऊक होते, परंतु रडार आणि विजेची अनेक उपकरणेही ती तयार करीत असे. हाउन्सफील्ड यांनी प्रथम रडारवर काम केले. मग त्यांचे लक्ष संगणकाकडे वळले. त्या काळी संगणक म्हणजे एक खोली व्यापून टाकणारे धूड असे. १९५८ च्या सुमारास त्यांच्या नेतृत्वाखाली एमिडेक ११०० हा संगणक तयार झाला. केवळ ट्रान्झिस्टरांवर चालणाऱ्या ब्रिटनमधील आरंभीच्या संगणकांत त्याची गणना होते.

यानंतर त्यांच्या वाट्याला अपयश आले. संगणकासाठी फार मोठी स्मरणशक्ती तयार करण्याच्या कामात ते गुंतले होते. काही काळाने असे दिसून आले की, हे काम कंपनीला परवडणारे नाही, आणि ते अर्ध्यावरच सोडून द्यावे लागले. एखादा माणूस खचून गेला असता. परंतु कंपनीने त्यांना लगेच दुसऱ्या कामास जुंपले नाही. कोणत्या विषयात संशोधन करावे याचा निवांतपणे विचार करण्याची मोकळीक तिने त्यांना दिली. हाउन्सफील्ड यांना रानावनांतून लांबवर पायी भटकण्याचा छंद होता. १९६७ साली अशाच भटकंतीच्या दिवसांत त्यांच्या मनात एक कल्पना चमकली. एखादी पेटी न उघडता तिच्या आत काय आहे हे सांगता येईल काय? चोहोबाजूंनी तिच्यातून किरण पाठवले आणि प्रत्येक बाजूने किती किरण पार गेले हे मोजले, तर त्या मोजमापांवरून आतील वस्तूंचे चित्र मांडता येईल काय?

ही कल्पना किती मोलाची होती हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८९५ साली जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला होता. हे किरण मांसातून सहज पार जातात, हाडांत बरेचसे अडतात आणि त्यामुळे देहातील हाडांची छाया उमटवतात. वैद्यकाला जणू नवा डोळा लाभला. परंतु त्या डोळ्यालाही एक मर्यादा होती. दिव्यासमोर एकामागे एक चार बोटे धरली, तर भिंतीवर एकच सावली पडते. त्या सावलीवरून बोटे किती, पुढचे कोणते आणि मागचे कोणते हे कळत नाही. क्ष-किरणांच्या साध्या चित्रातही बरगड्या, हृदय आणि रक्तवाहिन्या यांच्या सावल्या एकीवर एक पडतात. कवटीच्या आतला मृदू मेंदू तर त्यात दिसतच नसे. तो अंदाजाने पाहण्यासाठी पाठीच्या कण्यातून हवा भरावी लागे आणि त्या वेदनांनी रोगी हैराण होई.

हाउन्सफील्ड यांनी ठरवले की, सावली एकाच बाजूने न घेता शेकडो बाजूंनी घ्यावी आणि उरलेले काम गणितावर सोपवावे. त्यांची युक्ती एका लहानशा कोड्यावरून समजेल. एका चौकोनाची चार घरे करा, दोन वर आणि दोन खाली. प्रत्येक घरात एकेक अंक लपलेला आहे. वरच्या ओळीची बेरीज ५, खालच्या ओळीची ७, डाव्या उभ्या ओळीची ३ आणि उजव्या उभ्या ओळीची ९ आहे. अंक ओळखा. वर २ व ३, खाली १ व ६ हे उत्तर जुळते. परंतु वर १ व ४, खाली २ व ५ हेही जुळते. म्हणजे दोन बाजूंनी पाहून निश्चित उत्तर मिळाले नाही. आता आणखी एका बाजूने पाहा. डावीकडच्या वरच्या घरापासून उजवीकडच्या खालच्या घरापर्यंत तिरपी बेरीज ८ आहे, असे कळले. लगेच दुसरे उत्तर बाद होते आणि पहिलेच खरे ठरते. जितक्या अधिक बाजूंनी पाहावे, तितके आतले रहस्य उलगडत जाते. हाउन्सफील्ड यांच्यापुढे चार घरांचे कोडे नव्हते, तर हजारो घरांचे होते. ते सोडवणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते आणि म्हणून त्यांनी संगणकाला मदतीस घेतले.

प्रयोगासाठी भारी यंत्रसामग्री त्यांच्याजवळ नव्हती. लोखंड कातण्याच्या जुन्या लेथचा सांगाडा त्यांनी घेतला. त्यावर पाहावयाची वस्तू ठेवली, एका बाजूस किरणांचा उगम आणि दुसऱ्या बाजूस ते मोजणारे उपकरण बसवले. एक सरळ रेघ मोजून झाली की वस्तू किंचित फिरवायची आणि पुन्हा मोजायचे. किरण इतके मंद होते की, एका चित्राची सर्व मोजमापे घेण्यास तब्बल ९ दिवस लागले. मग सुमारे २८,००० मापांचे गणित सोडवण्यासाठी मोठा संगणक अडीच तास चालला. अखेर चित्र उमटले. ते अंधूक होते, पण खरे होते. हाउन्सफील्ड यांनी मग त्या मंद किरणांऐवजी क्ष-किरणांची नळी बसवली आणि ९ दिवसांचे काम ९ तासांवर आणले.

निर्जीव वस्तूंनंतर देहाच्या भागांची पाळी आली. औषधी द्रवात जतन केलेला मानवी मेंदू त्यांनी प्रथम तपासला. त्या द्रवाने मेंदूत फरक पडला असावा अशी शंका आल्यामुळे खाटकाकडून जनावरांचे ताजे मेंदू आणले. ते स्वतःच्या हाताने लंडनमधून वाहून नेण्यात या संशोधकाला कमीपणा वाटला नाही. पुढे आपल्याच देहावर त्यांनी यंत्राची परीक्षा घेतली. जे यंत्र आपण रोग्यांना देणार, ते आधी आपण अनुभवावे असे या शांत माणसाला वाटले असावे.

१ ऑक्टोबर १९७१ हा वैद्यकाच्या इतिहासातील संस्मरणीय दिवस ठरला. लंडनजवळच्या विंबल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात हे यंत्र बसवले होते आणि डॉ. जेम्स अँब्रोज हे क्ष-किरणतज्ज्ञ हाउन्सफील्ड यांच्या साहाय्यास होते. मेंदूत गाठ असावी अशी शंका असलेल्या एका स्त्रीचे डोके प्रथमच या यंत्राने पाहिले गेले. मापे चुंबकीय फितीवर घेऊन संगणकाकडे पाठवण्यात आली आणि उत्तराची वाट पाहणे सुरू झाले. चित्र हाती आले तेव्हा मेंदूच्या पुढील भागात एक गोल काळसर डाग स्पष्ट दिसत होता. शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रिया केली, तेव्हा चित्रात दाखवल्याप्रमाणेच रोग तेथे आढळला. कवटी उघडण्यापूर्वीच रोगाचा ठाव लागला होता. १९७२ साली हे संशोधन जाहीर झाले आणि जगभरचे डॉक्टर थक्क झाले. आज लोक ज्याला सी. टी. स्कॅन म्हणतात, तो हाच.

काकडीच्या चकत्या कराव्यात आणि प्रत्येक चकतीतील बिया मोजाव्यात, त्याप्रमाणे हे यंत्र देहाचे पातळ थर एकामागून एक दाखवते. फरक इतकाच की, येथे सुरी चालत नाही. प्रत्येक थरातील प्रत्येक ठिपका किती किरण अडवतो याला एक अंक दिलेला असतो. या मोजपट्टीत शून्याचे स्थान हाउन्सफील्ड यांच्या मापाने पाण्याला मिळाले आहे. हवेचा अंक उणे १,०००, तर घट्ट हाडाचा अंक अधिक १,००० पर्यंत किंवा त्याच्याही पुढे जातो. हवेने भरलेली फुप्फुसे शून्याच्या पुष्कळ खाली असतात आणि रक्त शून्याच्या थोडे वर असते. या मापाला जगभर हाउन्सफील्ड यांचेच नाव आहे.

डोके स्थिर ठेवता येते, पण छाती श्वासागणिक हलते. म्हणून फुप्फुसे पाहण्यासाठी यंत्राला वेग हवा होता. १९७५ साली हाउन्सफील्ड यांनी संपूर्ण देह पाहणारे यंत्र तयार केले. एका थराचे काम आता सुमारे २० सेकंदांत होऊ लागले, म्हणजे रोग्याने श्वास रोखून धरला तर छातीचे चित्र नीट मिळू लागले. पुढे इतर संशोधकांनी हा वेग कितीतरी वाढवला. आज एका श्वासाच्या आत सर्व छाती पाहून होते.

आता संगमावरील त्या चिखलाच्या रेघेकडे पुन्हा वळू. सी. टी. स्कॅन फुप्फुसांतील रक्तदाबाचा आकडा मोजत नाही. परंतु वाढलेल्या दाबाने मागे ठेवलेल्या खुणा तो दाखवतो. पुराने नदीचे पात्र रुंदावावे, तशी दाबामुळे फुप्फुस-रोहिणी रुंद होत जाते. चित्रात ती महारोहिणीच्या शेजारीच दिसते. डॉक्टर दोहोंची रुंदी मोजतात. फुप्फुस-रोहिणी सुमारे २९ मिलीमीटरांहून रुंद असली किंवा महारोहिणीहून मोठी झाली असली, तर त्यांच्या मनात शंका उभी राहते. हृदयाची उजवी जवनिका सुजल्यासारखी मोठी झाली आहे काय, तिची भिंत जाड झाली आहे काय, हेही ते पाहतात. नीलेतून विशेष औषध सोडून रक्तवाहिन्या उजळल्या, तर त्यांत अडकलेल्या जुन्या गाठीही दिसू शकतात. फुप्फुसांचाच काही रोग असेल, तर तोही ध्यानात येतो.

या शंकेचा शेवटचा निवाडा करण्यासाठी एक बारीक नळी नीलेतून हृदयाच्या उजव्या बाजूपर्यंत नेऊन दाब प्रत्यक्ष मोजावा लागतो. त्यापूर्वी ध्वनिलहरींच्या साहाय्यानेही हृदय तपासतात. मात्र पूर का आला, पाणी नेमके कोठे अडले, हे सांगण्यास सी. टी. स्कॅनचे मोठे साहाय्य होते. हे समजणे रोग्याच्या जीविताच्या दृष्टीने फार महत्त्वाचे असते. वाट जुन्या गाठींनी अडली असेल, तर काही रोग्यांच्या बाबतीत शस्त्रक्रियेने त्या काढता येतात आणि कोंडलेला श्वास मोकळा होतो. कारण निराळे असेल, तर उपचारही निराळे करावे लागतात. कारण न कळता वर्षे गेली, तर हृदय थकत जाते. अर्थात क्ष-किरणांचा अतिरेक अपायकारक असतो. म्हणून ही तपासणी हौसेने करावयाची नसते, तर डॉक्टरांना गरज वाटेल तेव्हाच करावयाची असते.

१९७९ साली हाउन्सफील्ड यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासह विभागून देण्यात आले. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या या पदार्थवैज्ञानिकाने १९६३ व १९६४ साली अशा चित्रांमागचे गणित स्वतंत्रपणे मांडले होते. त्या वेळी त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते. दोघांपैकी एकही डॉक्टर नव्हता, तरी दोघांनी वैद्यकाला अमोल देणगी दिली. १९८१ साली ब्रिटनने हाउन्सफील्ड यांना सर ही पदवी दिली.

एवढा मान मिळूनही त्यांची राहणी बदलली नाही. ते अविवाहित राहिले. मोकळ्या वेळात स्वतःच शिकलेला पियानो वाजवावा, डोंगरदऱ्यांतून लांब फिरावे आणि पुन्हा कामाला लागावे, एवढ्यात ते समाधानी असत. १२ ऑगस्ट २००४ रोजी इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. शाळेत दोनच विषयांत रमणारा तो शेतकऱ्याचा मुलगा जगातून गेला, तेव्हा असंख्य रुग्णालयांत त्याच्या यंत्राची चाके फिरत होती.

आज नृसिंहवाडीच्या परिसरातील एखाद्या आईला घाट चढताना धाप लागली आणि डॉक्टरांना शंका आली, तर मिरज, सांगली किंवा कोल्हापूर येथे तिची ही तपासणी होऊ शकते. ती काही क्षण श्वास रोखून स्वस्थ पडते. यंत्र तिच्याभोवती फिरते, चोहोबाजूंनी तिच्याकडे पाहते, आणि छातीत दडलेली पुराची रेघ पडद्यावर उमटते. त्या माऊलीला हाउन्सफील्ड हे नाव कदाचित कधीच कळणार नाही. तिच्या दुखण्याला अशक्तपणा किंवा म्हातारपण म्हणून कोणी सोडून दिले नाही आणि तिला वेळेवर उपचार मिळाले, यातच त्या संशोधकाच्या श्रमांचे सार्थक आहे.